विम्याचे छत्र आणि औषधाची चिठ्ठी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. इस्पितळाच्या पायरीबद्दल अशी म्हण रूढ झाली नाही, याचे कारण उघड आहे. कोर्ट टाळता येते. आजार टाळता येत नाही. खेड्यातील अल्पभूधारक किंवा शहरातील हातगाडीवाला ही पायरी चढतो तेव्हा त्याच्या गाठीला बहुधा काही नसते. आणि उतरतो तेव्हा जमिनीचा एखादा तुकडा गहाण पडलेला असतो, बायकोच्या गळ्यातील डोरले मोडलेले असते किंवा थोरल्या मुलाची शाळा सुटलेली असते. दारिद्र्याची कारणे शोधणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी दुष्काळ, बेकारी आणि सावकारी यांच्याइतकेच महत्त्व आजारपणाला द्यावयास हवे होते. ते फार उशिरा दिले गेले. गरिबांचा आरोग्यविमा सरकारने स्वतःच्या खर्चाने उतरवावा, ही कल्पना याच उशिरा आलेल्या जाणिवेचे अपत्य होय.

वस्तुतः विम्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरूही झाली. परंतु ती कारखान्यातील कामगारांसाठी होती. शेतमजूर, ऊसतोड कामगार, बांधकामावरील बिगारी, घरोघरची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया यांना ना मालक ठाऊक, ना हजेरीपुस्तक. त्यांच्या विम्याचा हप्ता कोणाच्या पगारातून कापावयाचा? या प्रश्नाला पुढची पन्नास वर्षे उत्तर मिळाले नाही. महाराष्ट्रात १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली व हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोठ्या उपचारांसाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना मदत मिळू लागली. २००७ मध्ये आंध्र प्रदेशाने आरोग्यश्री योजना सुरू केली. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना आणली; तीत कुटुंबाने तीस रुपये नोंदणी शुल्क भरावयाचे आणि वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतचे उपचार मिळवावयाचे, अशी व्यवस्था होती.

त्यानंतर महाराष्ट्राने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना घेतली. २ जुलै २०१२ रोजी ती गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढल्या वर्षी नोव्हेंबरात राज्यभर गेली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण मिळू लागले. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा रांची येथे प्रारंभ झाला. तिने संरक्षणाची रक्कम पाच लाखांवर नेली. २०२० मध्ये दोन्ही योजना राज्यात एकत्र राबविण्यात येऊ लागल्या. शेवटी २०२३ मधील निर्णयानुसार १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिकेचा रंग कोणताही असला तरी पाच लाखांचे छत्र प्रत्येक कुटुंबावर धरण्यात आले. आता प्राध्यापक, कारकून आणि बिगारी हे तिघेही, निदान कागदोपत्री, एकाच छत्राखाली आहेत.

या योजनांचे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. हृदयाला छिद्र असलेले शेतमजुराचे मूल पूर्वी बहुधा घरीच मरत असे. आज त्याची शस्त्रक्रिया होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्तशुद्धीकरण करून घ्यावे लागणारा रुग्ण घर विकल्यावाचून जगू शकतो. ज्यांनी जिल्ह्याच्या इस्पितळात आरोग्यमित्राच्या टेबलापुढची रांग पाहिली आहे, ते या योजनांना केवळ निवडणुकीचा देखावा म्हणणार नाहीत. प्रश्न निराळाच आहे. ज्या आजारपणाने गरीब कुटुंब कर्जात जाते, ते आजारपण आणि ज्याचा विमा उतरविला आहे ते आजारपण, ही दोन्ही एकच आहेत काय?

निश्चित आणि अनिश्चित

विम्याचे गणित साधे आहे. जे संकट पुष्कळांवर येऊ शकते परंतु प्रत्यक्षात थोड्यांवरच येते, त्याचा भार सर्वांनी थोडा थोडा उचलावयाचा. २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकार विमा कंपनीला एका कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता देत होते. दीड लाखाला ३३३ ने भागले तर साधारण साडेचारशे येतात. म्हणजे साडेचारशे कुटुंबांचा हप्ता एकत्र केला की एका कुटुंबाचा पुरा दीड लाखांचा दावा भागतो. साडेचारशे कुटुंबांत वर्षाकाठी हृदयाची मोठी शस्त्रक्रिया करावी लागणारा माणूस विरळा, म्हणूनच हे गणित जुळते. घराला आग लागण्याचा विमा याच तत्त्वावर चालतो.

आता त्याच साडेचारशे कुटुंबांत मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण किती असतील? शंभराहून कमी असण्याची शक्यता नाही. या रुग्णांना गोळी आज हवी, उद्या हवी आणि मरेपर्यंत रोज हवी. येथे अनिश्चित असे काहीच नाही. जो खर्च ठरलेला आहे आणि ज्याच्या वाट्याला कोणीतरी नव्हे तर पुष्कळजण येणार आहेत, त्याचा विमा उतरविणे कंपनीला परवडत नाही. कारण हप्ता खर्चाइतकाच होऊन बसतो. चुलीत रोज लाकूड घालावे लागते म्हणून कोणी आगीचा विमा मागत नाही. सर्व योजनांनी बाह्यरुग्ण उपचार वगळले, त्यामागे कोणाचा दुष्टपणा नाही; विम्याच्या शास्त्राचा तो स्वाभाविक परिणाम आहे. परंतु शास्त्राला जे वगळणे सोयीचे वाटले, नेमके त्याच ठिकाणी गरिबाचा खिसा फाटतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंच्याहत्तराव्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, इस्पितळात दाखल होण्याच्या एका प्रसंगामागे (बाळंतपणे वगळून) सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला. या दोन आकड्यांतील अंतराची चर्चा पुष्कळ झाली. पहिल्या आकड्याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. सरकारी रुग्णालय हे तत्त्वतः मोफत किंवा जवळजवळ मोफत असावयाचे. मग तेथे साडेचार हजार रुपये लागतात कशाला? उत्तर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळेल. खाट मिळते, डॉक्टर तपासतात, आणि मग एक चिठ्ठी हातात पडते: हे इंजेक्शन बाहेरून आणा, ही तपासणी बाहेर करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील केसपेपरचे शुल्कही माफ झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण गरिबाला केसपेपरच्या दहा-वीस रुपयांनी कधी बुडविले नव्हते. त्याला बुडविले ते ‘बाहेरच्या चिठ्ठी’ने.

देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे सांगितले जाते. घट मोठी आहे. मात्र यातील शेवटची दोन वर्षे महासाथीची होती, त्या काळात सरकारला हात सैल सोडावाच लागला, हे विसरता येत नाही. शिवाय जो खर्च अजूनही खिशातूनच होतो, त्याचा मोठा भाग इस्पितळातील खाटेवर नव्हे तर औषधे, तपासण्या आणि बाह्यरुग्ण उपचार यांवर होतो. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेच्या परिणामांचे जे अभ्यास झाले, त्यांतील अनेकांना कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चात लक्षात येण्याजोगी घट आढळली नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको.

गोळी नाही, डायलिसिस आहे

एक उदाहरण घेऊन पाहू. पन्नाशीचा एक शेतमजूर आहे. त्याला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जडले आहेत. महिन्याची औषधे आणि अधूनमधून रक्ततपासणी धरून त्याला पाचशे रुपये लागतात, असे समजू. वर्षाचे सहा हजार, दहा वर्षांचे साठ हजार. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळाव्यात असा नियम आहे, आणि साठा असेल तेव्हा त्या मिळतातही. पण पंधरा दिवसांच्या गोळ्या घेण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून जावे आणि तेथे ‘संपल्या आहेत, पुढच्या सोमवारी या’ असे ऐकावे, हे दोन-तीन वेळा झाले की मनुष्य जाणे सोडतो. मग बरे वाटत असेल तोवर गोळी बंद, चक्कर आली की चालू. चार-पाच वर्षांनी मूत्रपिंडे निकामी होतात, आणि त्या दिवशी सरकार त्याच्या मदतीला धावून येते. आता त्याला डायलिसिस मिळते, आरोग्यमित्र मिळतो, दावा मंजूर होतो.

साठ हजारांची गोळी ज्याने दिली नाही, त्याने लाखांचे डायलिसिस द्यावे, हा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्राला पटण्यासारखा नाही. माणुसकीच्या दृष्टीने तर बोलावयासच नको. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील औषधे-तपासण्यांचा खर्च धरलेला आहे. दीर्घकालीन आजाराच्या माणसाला सोळाव्या दिवशीही गोळी लागते. आजाराला दाखल होण्याची तारीख असते, अशा समजुतीवर सबंध रचना उभी असल्याने या साध्या गोष्टीला तीत जागा सापडत नाही.

या रचनेचा आणखी एक परिणाम आहे, तो अधिक गंभीर आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे वेगळेपण दाखवून दिले होते. भाजी घेताना गिऱ्हाइकाला काय हवे ते कळते; उपचार घेताना कळत नाही. काय हवे ते विकणाराच सांगतो. त्यात पैसे देणारा तिसराच असेल आणि तो केवळ शस्त्रक्रियेचे पैसे देत असेल, गोळीचे नाही, तर सल्ला कोणत्या दिशेने झुकेल हे सांगावयास ज्योतिषी नको. बिहार, छत्तीसगढ आणि राजस्थान या राज्यांत ग्रामीण भागातील गरीब, दलित आणि आदिवासी स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढण्यात आल्याची प्रकरणे याच सुमारास उजेडात आली; राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेतून पैसे उकळण्यासाठी ती काढली गेली, असा आरोप होता. २०१३ मध्ये यासंबंधी जनहित याचिका दाखल झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची तीन महिन्यांत अंमलबजावणी करण्याचा आदेश राज्यांना दिला. दहा वर्षे लागली. ज्यांचे गर्भाशय गेले त्यांना दहा वर्षांनी काय मिळाले, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा.

महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात केंद्राच्या योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच दूरध्वनी क्रमांकाशी जोडलेले असल्याचे नमूद केले. त्याची वृत्तपत्रांतून भरपूर थट्टा झाली. क्रमांकावरून कोणाला उपचार दिले जात नाहीत, असा खुलासा करण्यात आला आणि तो मान्य करता येईल. पण आधी मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांच्या नावे पुढेही उपचार दाखवून दाव्यांच्या रकमा दिल्या गेल्या, हे त्याच अहवालात आहे; त्याचा खुलासा इतका सोपा नाही. दाव्यामागे पैसे देण्याच्या पद्धतीत कागद बरोबर असला की पुरते. रुग्ण बरा झाला की नाही, हे विचारण्याची जागाच त्या नमुन्यात नसते.

छत्र आहे, छत्राखाली काय?

पाच लाख रुपये हा आकडा एकच असला तरी त्याची किंमत सर्वत्र एक नाही. पुण्याच्या एखाद्या पेठेत राहणाऱ्या कुटुंबाला अर्ध्या तासाच्या अंतरावर चार अंगीकृत रुग्णालये आहेत. भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचे गावच दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुढे नागपूर. शस्त्रक्रिया मोफत, पण सोबत जाणाऱ्या दोघांची मजुरी, त्यांचे जेवण, येण्याजाण्याचा खर्च हे कोणत्याही यादीत नाही. रुग्णालये जेथे धंदा चालतो तेथे उभी राहतात, आणि विम्याचा पैसा रुग्णालयांच्या मागे जातो. म्हणून भामरागडच्या नावे सरकारने भरलेला हप्ता खर्च मात्र शहरात होतो. ही एक प्रकारची उलटी सिंचनव्यवस्था झाली. पाट कोरड्या रानातून निघतो आणि भिजलेल्या रानात सुटतो.

त्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात एक प्रयोग केला. ३९ गावांतील बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे, ऊब देण्याचे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्याचे शिक्षण दिले. नवजात बालकांचे मृत्युप्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे देशाच्या धोरणातही त्याला स्थान मिळाले. आज एखाद्या विमा योजनेकडे या कामाचा दावा घेऊन गेले तर तो कोणत्या उपचाराखाली बसवावयाचा? २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या योजनेच्या यादीत १,३५६ उपचार होते. त्यांत गावच्या बाईने वाचविलेले बाळ नव्हते. तो यादीचा दोष म्हणता येणार नाही. यादी त्यासाठी केलेलीच नाही.

गरिबांसाठीची आणखी एक तरतूद या गडबडीत मागे पडली आहे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यान्वये धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या आहेत. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी योजनाही मंजूर केली. करसवलती आणि स्वस्त जमिनी घेतलेल्या या संस्थांचे हे देणे आहे, दान नव्हे. विमा आल्यावर हे देणे फिटले, असे समजण्याकडे कल वाढू नये, याची दक्षता कोणी घ्यावयाची?

बाहेरच्या देशांत या पेचातून वाट काढली गेली आहे. थायलंडने २००१ साली तीस बाथची योजना सुरू केली आणि पुढल्या वर्षी ती देशभर नेली; एका भेटीला तीस बाथ, बाकी सारे सरकारचे. तिची रचना मात्र आपल्या उलट आहे. प्रत्येक नागरिकाचे नाव घराजवळच्या आरोग्यसंस्थेत नोंदलेले असते, आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी त्या संस्थेला डोईमागे ठराविक रक्कम मिळते. माणूस निरोगी राहिला तरी रक्कम येतेच, त्यामुळे त्याला आजारी पडू न देण्यातच संस्थेचा फायदा असतो. अर्थात ही योजना रिकाम्या जागेवर उभी राहिली नाही. नव्या डॉक्टरांना खेड्यांत सक्तीची सेवा आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी रुग्णालये, ही तयारी तेथे १९७० च्या दशकापासून चालली होती. आपण छत्र आधी विकत घेतले. घर बांधावयाचे राहून गेले.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. तमिळनाडूने १९९० च्या दशकातच औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि सरकारी दवाखान्यांत गोळ्या वेळेवर पोहोचविण्याची पद्धत बसविली. तिचे अनुकरण नंतर इतर राज्यांनी केले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, तेथे ती रखडली म्हणून २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा कायदा केला. तीन खाती, दोन मंडळे आणि एक प्राधिकरण बदलून झाले तरी प्राथमिक केंद्रातील फार्मासिस्टच्या कपाटात काय आहे, हाच खरा कस राहतो. विम्याच्या हप्त्याची रक्कम अंदाजपत्रकात दरवर्षी ठळकपणे दिसते. गोळ्यांची रक्कम मात्र ‘साहित्य व पुरवठा’ यांसारख्या मथळ्याखाली बुजून जाते आणि कपात करावयाची झाली की आधी तीच छाटली जाते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये, महासाथीच्या वर्षातसुद्धा, तो १.८४ टक्के होता. उरलेला पाऊण टक्का कोठून आणावयाचा हा अर्थमंत्र्यांचा प्रश्न. पण आला तर तो कोठे घालावयाचा, हे आजच ठरविता येईल. विम्याची मर्यादा पाचाची दहा लाख करण्याने मथळे मोठे होतील. त्याऐवजी प्रत्येक प्राथमिक केंद्राला त्याच्या हद्दीतील डोक्यांमागे रक्कम देऊन मधुमेह, रक्तदाब, दमा आणि मिरगी या चार आजारांची महिनाभराची औषधे एकाच खेपेला हातात द्यावयाची, साठा संपल्यास रुग्णाने गावातील दुकानातून घ्यावे आणि दुकानदाराचे बिल केंद्राने भरावे, एवढी सुरुवात एका जिल्ह्यापासून करता येण्यासारखी आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांपासूनच सुरुवात झाली होती, आणि त्यांतील पहिले नाव गडचिरोलीचे होते.